उन्हाळ्यात लेझर चालू ठेवायचं की थांबवायचं? आधी त्वचा किती रापली आहे ते बघा

प्रश्न: मी पुण्यात राहते, वय २६, रंग गव्हाळ-सावळा. हनुवटी, काखा आणि हात यांचे केस काढण्याचं डायोड लेझर सुरू आहे, दोन सिटिंग झाल्या. रोज दुचाकीवरून ऑफिसला जाते. मेच्या मध्यावर घरात लग्न आहे. क्लिनिकमध्ये म्हणतात चालू ठेवा, मैत्रिणी म्हणतात उन्हाळ्यात लेझर करायचंच नाही. काय करू आणि त्वचा कशी जपू?

उत्तर: तुमच्या तीन भागांना तीन वेगळी उत्तरं आहेत. काखांचं बिनधास्त चालू ठेवा. हनुवटीचं चालू ठेवायला हरकत नाही, पण खाली दिलेली पथ्यं पाळणार असाल तरच. हातांचं मात्र सध्या थांबवा. ‘उन्हाळ्यात लेझर बंद’ हा नियम जितका ढोबळ, तितकंच ‘सनस्क्रीन लावा, काही होत नाही’ हे आश्वासनही ढोबळ आहे. प्रश्न ऋतूचा नाही. ज्या भागावर लेझर मारायचं, त्या भागाची त्वचा त्या दिवशी किती रापलेली आहे, यावर सगळं ठरतं.

यामागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, शोषून घेतो. त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला इजा करते. रंग पाहून नेमका तेवढाच भाग तापवायचा, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडलं आणि आजची सगळी मशीन त्यावरच चालतात. अडचण अशी की तेच मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं आणि प्रकाशाला केसाच्या मुळापर्यंत पोचायला त्या थरातूनच जावं लागतं. आपल्याकडच्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेत ते मुळातच भरपूर असतं. उन्हाने रापली की आणखी वाढतं. मग ठरलेली ऊर्जा मुळापर्यंत पोचण्याआधीच वर अडते, आणि जी त्वचा जानेवारीत त्याच सेटिंगवर नुसती गुलाबी झाली होती तिच्यावर एप्रिलमध्ये फोड येतो.

म्हणून लेझरनंतरच्या उन्हाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, लेझरच्या आधीचं ऊन महत्त्वाचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात: सिटिंग झाल्यावर आठवडाभर तोंड झाकून फिरतात आणि सिटिंगच्या आधीच्या रविवारी कोकणात समुद्रावर जाऊन येतात.

त्यातही एक फसवी गोष्ट आहे. ऊन लागल्यावर त्वचा लगेच थोडी काळवंडते, पण ते बरंचसं आधीच्या मेलॅनिनचा रंग गडद झाल्यामुळे असतं आणि लवकर उतरतं. नवं मेलॅनिन तयार होऊन वर दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि ते पुढे कित्येक आठवडे टिकतं. त्यामुळे रविवारी उन्हात भाजून मंगळवारी क्लिनिकमध्ये गेलात, तर आरशात फारसं काही दिसत नाही, तरी त्वचा रंग बनवायच्या कामाला लागलेली असते. लेझर करण्याची सर्वांत वाईट वेळ हीच. ऊन सपाटून लागलं असेल तर किमान चार आठवडे थांबायचं. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण तेवढा वेळ लागतो.

हाताची परीक्षा घरीच करता येते. मनगटावरचं घड्याळ काढा. पट्ट्याखालची त्वचा आणि तिच्या शेजारची त्वचा यांच्यात रेघ मारल्यासारखी सीमा दिसते का? दिसत असेल तर तो हात लेझरसाठी तयार नाही. खिडकीशी त्याच जागी, त्याच वेळी, दर दोन आठवड्यांनी फोटो काढा. झाकून ठेवलेल्या हातावर ही सीमा पुसट होत जाते. ती पूर्ण जायलाच हवी असं नाही, पण तिची धार बोथट झालेली दिसली पाहिजे. दंडाच्या आतल्या बाजूचा रंग हा तुमचा मूळ रंग. मशीनचं सेटिंग मात्र त्यावर न ठरवता हाताच्या सर्वांत गडद पट्ट्यावर ठरवायचं, आणि तो पट्टा बहुधा मनगटाच्या वर, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथे असतो.

आता सनस्क्रीन. ब्रँडवर लोक जितका विचार करतात त्याच्या निम्माही मापावर करत नाहीत. डबीवरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावलेला असतो. प्रत्यक्षात माणसं त्याच्या पाव ते निम्माच लावतात, आणि डबीवर लिहिलेल्या एसपीएफ ५०चा पूर्ण फायदा मिळत नाही. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट अशा दोन बोटांवर टोकापासून बुडापर्यंत काढलेल्या दोन रेघा, एवढं माप धरा. कोपरापासून बोटांपर्यंत प्रत्येक हाताला आणखी एकेक अशी जोडरेघ. या मापाने दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब आठवड्याभरातच संपायला लागते. तुमची ट्यूब तीन महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा हात फिरवता.

एसपीएफ ३० किंवा ५०, सोबत पीए+++ (त्वचा रापवणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप) किंवा त्याहून जास्त, आणि घामात टिकणारं म्हणजे ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं घ्या. घाम येणाऱ्या, तेलकट त्वचेला जेल चालतं. निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. दिवसभर ऑफिसात आत बसत असाल तर दर दोन तासांनी लावण्याचा धोशा नको. सकाळी निघताना आणि दुपारी जेवायला बाहेर पडणार असाल तर त्याआधी, इतकं पुरतं. संध्याकाळी सहानंतर घरी येताना पुन्हा लावायची गरज नाही. पण दिवसभर उन्हात काम असेल, शेतावर, साइटवर, फिरतीवर, तर दोन तासांचा नियम पाळाच, आणि घाम पुसल्यावर त्याआधीही लावा. गालांवर वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण वांग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं आणि बिनरंगी सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

तरीही दुचाकीवर खरा आधार कापडाचाच. पातळ पांढरा सुती स्कार्फ बांधला की सगळं झाकलं असं वाटतं. तो उजेडाकडे धरून बघा. पलीकडची खिडकी स्पष्ट दिसली तर ऊनही तसंच आत येतं. घट्ट विणीचं, जरा गडद कापड जास्त अडवतं. घामाने भिजलेलं सुती कापड कोरड्यापेक्षा कमी अडवतं. सनकोट वापरत असाल तर बाही मनगटाच्या खाली येईल अशी घ्या आणि हातमोजा तिच्या आत खोचा, नाहीतर मधली दोन इंच पट्टी रोज भाजते. गाडीच्या बाजूच्या काचेतून यूव्हीए किरण बऱ्यापैकी आत येतात. कॅबमध्ये रोज एकाच बाजूला बसणाऱ्यांचा त्या बाजूचा हात जास्त रापलेला असतो.

सिटिंगआधीची तयारी. चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा, एपिलेटर बंद. केस मुळासकट उपटला की लेझरला तापवायला काही उरतच नाही. पैसे जातात आणि त्वचा मात्र सगळी उष्णता सोसते. मधल्या काळात रेझर किंवा छोटी कात्री चालते, हनुवटीवरही. रेझरने केस जाड होतात ही समजूत खरी नाही. कापलेलं टोक बोथट असल्यामुळे हाताला खरखरीत लागतं, एवढंच. सिटिंगच्या १२ ते २४ तास आधी केस कापून घ्या. त्याहून आधी कापलेत तर खुंट वाढतो आणि बाहेर आलेला खुंट तापून वरची त्वचा पोळतो; अगदी निघताना घाईत कापलेत तर ताज्या ओरखड्यांवर लेझर पडतं.

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अडापलीन, ग्लायकोलिक आम्लाची क्रीमं पाच ते सात दिवस आधी थांबवा. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लीन चालू असेल तर आधी सांगा, त्याने ऊन जास्त लागतं. मुरुमांवरच्याच आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्यावर सहा महिने लेझर नको असं पूर्वी सरसकट सांगत. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार केस काढण्याच्या लेझरसाठी इतकं थांबण्याला पुरेसा आधार नाही. पण त्या गोळ्यांनी त्वचा कोरडी आणि हळवी होते, म्हणून निर्णय तपासून घ्यायचा, गोळी लपवून नाही. ओठांवर पाणीदार फोड (‘जर’, म्हणजे हर्पिस) येत असतील तर तेही सांगा. ओठांजवळ लेझर करायचं असेल तर आधीपासून विषाणुविरोधी गोळी द्यावी लागते.

रापलेपण घालवायला सिटिंगच्या आधी पार्लरमध्ये डी-टॅन पॅक किंवा ब्लीच करून घेऊ नका. वरवरचा मळ आणि मृत थर निघतो, त्यामुळे उजळल्यासारखं वाटतं. खालचं मेलॅनिन जागच्या जागी असतं आणि वरची ढाल मात्र पातळ झालेली असते. लेझरच्या माणसाला फसवणारी ही जोडी आहे: डोळ्याला उजळ, आतून गडद.

त्या दिवशी त्वचा कोरी हवी. काजळ, फाउंडेशन, कुंकू, डिओचा पांढरा थर, आणि खास करून रंग असलेलं सनस्क्रीन, सगळं धुऊन टाका. कोणताही गडद रंग त्वचेवर राहिला की तो प्रकाश शोषून तिथेच तापतो. याच कारणाने मेंदी रंगलेल्या हातांवर मेंदीचा रंग पूर्ण जाईपर्यंत लेझर नको. तीळ आणि गोंदण यांच्यावर मारायचंच नाही, ते झाकून घ्यायचं. आणि भाग आखायचा असेल तर पांढऱ्या पेन्सिलीनेच, काळ्या किंवा लाल पेनने नाही.

क्लिनिकमध्ये काय बघायचं? डायोड लेझरची ८१० नॅनोमीटरच्या आसपासची लहर (तरंगलांबी) आणि एनडी-याग या दुसऱ्या प्रकारच्या लेझरची १०६४ या दोन्ही आपल्या त्वचेला चालतात. १०६४ त्वचेच्या वरच्या मेलॅनिनमध्ये सर्वांत कमी अडते, म्हणून गडद त्वचेला जास्त सुरक्षित, पण दुखतं जास्त आणि बारीक केसांवर तिचा प्रभाव कमी. तिसऱ्या प्रकारची, ७५५ची अलेक्झांड्राइट या तिन्हींत मेलॅनिनमध्ये सर्वांत जास्त शोषली जाते. गोऱ्या त्वचेला उत्तम, रापलेल्या सावळ्या त्वचेला नको. मशीन कोणतंही असो, गडद त्वचेला ऊर्जा कमी आणि पल्स (प्रकाशाचा एकेक झोत) लांब लागते, डायोडवर साधारण ३० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. प्रकाश सावकाश दिला की वरचा पातळ थर मधल्या मधे थंड होत राहतो. जाड केसाला तशी सवड मिळत नाही.

तुमचं आधीचं सेटिंग कार्डावर लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात तेच डोळे मिटून लावू देऊ नका, आणि सिटिंगागणिक ‘एक पायरी वर’ जाण्याची पद्धत या महिन्यांत बाजूला ठेवायला सांगा. रंग बदललेला वाटला तर आधी चार-पाच शॉटची पॅच टेस्ट करून किमान ४८ तास बघायचं. सावळ्या त्वचेचा डाग उशिरा दिसतो, म्हणून आठवडाभर थांबणं त्याहून चांगलं.

एक गोष्ट स्वतः बघण्यासारखी आहे: हँडपीसच्या, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या दांड्याच्या, टोकाची थंड काच. जळालेल्या केसांची काळी काजळी तिच्यावर साचते. ती पुसली नाही तर प्रत्येक शॉटला ती काजळीच तापते आणि त्वचेवर काचेच्या आकाराचा चौकोनी चटका उठतो. दर काही शॉटनंतर काच ओल्या कापडाने पुसली गेली पाहिजे. मनगट, कोपर, जबड्याचं हाड अशा उंचसखल जागी काच एका कडेने उचलली जाते आणि तिथला थंडावा तुटतो. चटके तिथेच जास्त बसतात. ‘दुखतंय’ हे सांगण्यात संकोच करू नका. रबर ताणून सोडल्यासारखा क्षणभराचा चटका अपेक्षित आहे. शॉटनंतर टिकून राहणारी आग अपेक्षित नाही; तिथे थांबून सेटिंग उतरवायचं असतं. म्हणूनच दोन्ही हातांवर भरपूर नंबिंग (बधिर करणारं) क्रीम चोपडून जाणं मला पटत नाही. मोठ्या भागावर लावलेलं औषध अंगात भिनून त्रास देऊ शकतं, आणि इशारा देणारं दुखणंच ते बंद करतं.

सिटिंगनंतर केसांच्या मुळांभोवती बारीक लालसर पुरळ उठतं. ते चांगलं लक्षण आहे. काही तासांत, फार तर दोन दिवसांत बसतं. गार पाण्याची घडी दहा-दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचं जेल पुरतं. ४८ तास कढत पाण्याची आंघोळ, जिम, वाफ, पोहण्याचा तलाव टाळा. उन्हाळ्यात यातला घाम टाळणं सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचं: तापलेल्या मुळांवर घाम, घासणं आणि जंतू एकत्र आले की पिकलेल्या पुळ्या उठतात, आणि लोक त्याला लेझरची अ‍ॅलर्जी किंवा घामोळं समजतात. काखांना दोन दिवस डिओ, रोल-ऑन नको. सैल सुती कपडे घाला. हनुवटीवर स्कार्फ घट्ट बांधून तासभर गाडी चालवणंही त्या दोन दिवसांत नको. म्हणून सिटिंग शुक्रवारी संध्याकाळी घ्या: उन्हातून परत यावं लागत नाही आणि शनिवार-रविवार घरात काढता येतात. एक ते तीन आठवडे केस वाढल्यासारखे दिसतील. ते गळणारे केस आहेत. ओढू नका, घासून काढू नका.

बिघडलं तर कसं ओळखायचं? शॉट पडताच त्वचा पांढुरकी किंवा राखाडी होणं, तासाभरानंतरही आग न शमणं, फोड, हँडपीसच्या आकाराचा ठळक चौकोन. लगेच वीस मिनिटं साध्या गार पाण्याची धार धरा, त्याच दिवशी फोटो काढा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. फोड फोडू नका. हळद, टूथपेस्ट, लिंबू, यांतलं काहीही लावू नका. तिथली खपली आपोआप पडेपर्यंत हात लावायचा नाही. उकरली तर व्रण राहतो.

फोड न येताही एक ते तीन आठवड्यांनी तपकिरी डाग उमटू शकतात. आपल्या त्वचेत हा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे. बहुतेक डाग जातात, पण महिने लागतात, आणि ऊन लागत राहिलं तर ते गडद होत जातात. इथे खरं नुकसान पुढच्या पायरीला होतं: मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेलं तीन औषधांचं, स्टेरॉइड असलेलं डाग घालवणारं क्रीम महिनोन् महिने लावलं जातं. त्याने त्वचा पातळ होते, पुळ्या आणि लालसरपणा येतो आणि चेहऱ्यावर केसही वाढतात, म्हणजे ज्यासाठी लेझर सुरू केलं तेच परत. लेझरनंतर दोन-तीन दिवस लावायला डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड वेगळं. ते तेवढेच दिवस लावायचं आणि ट्यूब बाजूला ठेवायची.

लग्नाचं गणित. हनुवटी आणि काखांची शेवटची सिटिंग हळदीच्या किमान तीन आठवडे आधी, म्हणजे लग्न मेच्या मध्यावर असेल तर २० एप्रिलच्या सुमारास घ्या. चुकून डाग उठलाच तर तो कळायला आणि सांभाळायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर हनुवटीला रेझरच वापरा. ‘लग्नापुरतं एकदा थ्रेडिंग’ केलंत तर पुढची सिटिंग चार आठवडे ढकलावी लागेल. लेझर आणि ब्लीच-फेशियल यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. हळदीच्या दिवशी अंगाला हळद चोळायला हरकत नाही, त्वचा तोवर शांत झालेली असेल.

हातांच्या दोन सिटिंगमध्ये काही महिन्यांचं अंतर पडलं म्हणून आधीचं फुकट जात नाही. एका वेळी काही केसच वाढीच्या अवस्थेत असतात आणि लेझर तेवढेच पकडतं. बाकीचे पुढच्या फेरीत येतात. कोर्स लांबतो, वाया जात नाही. क्लिनिकने पॅकेजची मुदत संपते म्हणून घाई केली तर मुदत वाढवून मागा, लेखी. लग्नातली मेंदी पूर्ण उतरू द्या, जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर हात झाकलेलेच ठेवा (ढगांतूनही बरंच ऊन झिरपतं), आणि महिन्याभराने घड्याळ काढून पट्ट्याची रेघ पुन्हा बघा. हनुवटीचे केस जाड असतील आणि पाळी अनियमित असेल, तर या मधल्या वेळात पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. हार्मोन्स ताब्यात नसतील तर हनुवटीवर नवे केस येत राहतात आणि ते थांबवणं मशीनच्या हातात नसतं.